खसखस राहिली, बाटली गेली

दिवाळी अंकात फराळाच्या ताटासारखे गोड लिहावे, असा एक संकेत आहे. आणि मी ज्या विषयाला हात घालतो आहे तो तर दिसायला अगदीच घरगुती: लहान मुले घेऊन परदेशी सहलीला निघताना बॅगेत काय भरावे! यावर कोणी भांडण काढील असे संपादकांनाही वाटले नसेल. पण मला भांडण काढायचे आहे. हल्ली अशा सामानाच्या याद्या घरोघर फिरत असतात. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्या वाढतात, कमी मात्र होत नाहीत. माझे म्हणणे असे की, या याद्यांतला निम्मा भाग मुलाच्या नावावर खपणारा मोठ्यांचा बंदोबस्त असतो. आणि त्यात एक जिन्नस असा असतो, की तो नसता तर मी ही लेखणी उचललीच नसती.

प्रथम माझा अधिकार सांगतो, कारण पुढे मी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार आहे. मी १९७९ पासून २०१६ पर्यंत सांगलीला औषधांचे दुकान चालवले. सदतीस वर्षे काउंटरमागे उभा राहिलो. एप्रिल-मे आणि दिवाळी हे आमच्या धंद्यातले प्रवासाचे हंगाम. गिऱ्हाईक यायचे आणि म्हणायचे, "काका, मुंबईला निघालोय. पोरगं गाडीत लई रडतंय. गप बसंल असं कायतरी द्या की." मग मी मागच्या फळीवरून एक बाटली काढायचो, कागदात गुंडाळायचो आणि सांगायचो, "अर्धा चमचा द्या, निवांत झोपंल." चमचा कुठला, मुलाचे वजन किती, त्याला दम लागतो का, हे मी विचारले असेन तर मला आठवत नाही. परत आल्यावर तेच गिऱ्हाईक सांगायचे, "काका, भारी औषध! पुण्यापतूर हूं की चूं नाही." मला बरे वाटायचे.

ती बाटली म्हणजे अ‍ॅलर्जीवरचे औषध. शिंका, अंगावर उठलेल्या गांधी, खाज यांच्यासाठी केलेले. ते घेतल्यावर झोप येते हा त्या औषधाचा दोष. आम्ही मंडळींनी त्या दोषालाच गुण ठरवून सदतीस वर्षे विकले.

आता २०२४ च्या दिवाळीकडे येतो. आमच्या चिरंजिवांनी सिंगापूरची टूम काढली. मंडळी सहा: तो, सूनबाई, आम्ही दोघे, अडीच वर्षांचा नातू आणि आठ महिन्यांची नात. निघण्याच्या चार दिवस आधी आमच्या पलंगावर जो पसारा मांडला गेला तो पाहून मला मिरजेच्या बाजाराची आठवण झाली. सूनबाईच्या हातात छापील यादी होती. तीत नव्वद डायपर होते, दुधाच्या पावडरीचे डबे होते, बाटल्या उकळायचे विजेचे यंत्र होते, हवा भरून फुगवायचा आंघोळीचा टब होता. आमच्या सौ.ची यादी छापील नव्हती, पण लांबीला कमी नव्हती: भाजून दळलेली खिमटाची पूड, नाचणीचे सत्त्व, बाळगुटीची मुळे आणि ती उगाळायला सहाण, वेखंड, चांदीचे बोंडले, जुन्या नऊवारीची गोधडी. शिवाय सणाचे दिवस, म्हणून अनारशांचा एक डबा.

चिरंजीव मोबाईलवर सिंगापूर सरकारचे नियम वाचत बसले होते. एकदम म्हणाले, "आई, अनारसे नेता येणार नाहीत."

"का? तिथं सोवळं पाळतात की काय?"

"खसखस चालत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात बसते."

हे खरे आहे, आणि दिवाळीत परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. खसखस अफूच्याच बोंडातली. त्या बियांवर मॉर्फिनचा अंश राहू शकतो, म्हणून सिंगापुरात तशीच उचलून नेण्याची सोय नाही, आणि दुबईला तर खसखशीची पुडी खिशात सापडली तर माणूस मोठ्या अडचणीत येतो. अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू, करंजीचे सारण, सगळे त्यात आले. सौ.ला ते फार लागले. "म्हणजे मी नातवंडांना अफू चारते होय?" म्हणून तिने डबा उचलला आणि शेजारी देऊन आली. आम्ही सगळे तिच्यावर हसलो. एवढे कडक सरकार म्हणून सिंगापूरचे कौतुकही केले.

आणि त्याच दुपारी सूनबाईने यादीतली पुढची ओळ वाचली: "विमानात मुले झोपावीत म्हणून औषध." चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते तुमचं गुलाबी सरबत आणा ना." मी उठलो, ओळखीच्या दुकानात गेलो आणि बाटली आणून बॅगेत ठेवली. त्या वेळी कोणी हसले नाही. कोणी नियमही वाचले नाहीत.

विमान रात्रीचे होते. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास. औषध मी स्वतः मापले. नातवाचे वजन बारा किलो; मात्रा वजनावरून काढली, बाटलीबरोबर आलेल्या टोपणात ओतली, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. हे अशासाठी सांगतो की पुढे जे झाले ते मात्रा चुकल्यामुळे झाले, अशी पळवाट कोणाला राहू नये.

विमान सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पोराला झोप यायला हवी होती. झोप आली नाही. ते आधी हसू लागले, मग मोठमोठ्याने हसू लागले, मग त्याच हसण्याचे रडणे झाले. तोंड लाल आणि कोरडे. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. आईच्या मांडीवरून ते खाली उतरे, दोन पावले टाकी, तोल जाऊन आपटे, की पुन्हा वर. आई हाक मारी तेव्हा तिच्याकडे बघे, पण ती कोण हे त्याला कळते आहे असे वाटेना. सौ. देवाचे नाव घेऊ लागली. याला आमच्या शास्त्रात उलट परिणाम म्हणतात. काही लहान मुलांना ही औषधे झोपवण्याऐवजी पिसाळतात. कुठल्या मुलाचे असे होईल हे आधी सांगता येत नाही. मला हे ठाऊक होते. पाठ होते. परीक्षेत लिहिले होते.

दोन तास असे गेल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, मात्रा कमी पडली वाटतं. अजून थोडं देऊ या?" आणि सदतीस वर्षे दुकान चालवलेल्या माझा हात बाटलीकडे गेला. झाकण मी फिरवले होते.

दोन रांगा मागे एक बाई बसल्या होत्या. त्या उठून आल्या. मुलांच्या डॉक्टर आहेत हे नंतर कळले. त्यांनी मुलाला पाहिले, माझ्या हातातली बाटली पाहिली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजोबा, आता दुसरा डोस देऊ नका." एवढेच. मी झाकण लावले. त्यांनी पोराला थोडे थोडे पाणी पाजायला सांगितले, डोक्यावरचा दिवा बंद केला आणि उतरेपर्यंत दोनदा येऊन त्याची नाडी पाहून गेल्या.

गंमत अशी (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) की आठ महिन्यांच्या नातीला आम्ही काहीच दिले नव्हते. विमान वर चढताना सूनबाईने तिला अंगावर घेतले, ती पीत पीत झोपली आणि विमान उतरू लागले तेव्हाच जागी झाली.

सिंगापुरातला पहिला दिवस आम्ही हॉटेलच्या खोलीत काढला. पोराला अखेर झोप लागली ती इतकी जड, की मी खाटेशेजारी खुर्ची ओढून मनगटावरच्या घड्याळात पाहून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजत बसलो. खाली कोणत्या तरी उद्यानाची सहा तिकिटे फुकट गेली. त्यांचा विषय कोणी काढला नाही.

आता वादाला येतो. या बाटलीच्या बाजूने काय काय सांगितले जाते ते मला ठाऊक आहे, कारण ते मी स्वतः सांगत आलो आहे. पहिले: "सगळेच देतात." दुसरे: "आमच्या मुलाला कधी काही झालं नाही." तिसरे: "डॉक्टरसुद्धा लिहून देतात." त्यातले तिसरे तेवढे विचारात घेण्यासारखे. मुलाला गाडी लागते, उलट्या होतात, आणि त्याला तपासून, वजन पाहून डॉक्टरांनी औषध लिहून दिले, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती धडधाकट मुलाला केवळ गप्प करण्यासाठी दिलेल्या औषधाबद्दल. या जातीतले प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, त्याने श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ सालीच छापायला लावला. आपल्याकडे २०२३ च्या डिसेंबरात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या सर्दीवरच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असे छापण्याचा हुकूम निघाला. २०२५ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची पोरे खोकल्याच्या औषधाने गेली. त्या बाटलीत विषच होते, ती गोष्ट निराळी. पण त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने जो सल्ला दिला तो चांगल्या बाटल्यांनाही लागू आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली एरवीही टाळावीत. आजारी मुलाबद्दल हा सल्ला! मग आजारी नसलेल्या मुलाबद्दल काय म्हणायचे?

विमानात तर हा प्रकार आणखी वाईट. आत बसल्यावर आपल्याला जाणवत नाही, पण विमानातली हवा समुद्रसपाटीची नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितपत ती विरळ असते. म्हणजे आपण मुलाला कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंच नेऊन बसवतो आणि तिथे त्याचा श्वास मंद करणारे औषध पाजतो.

यापूर्वी हे कोणी केले नाही असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. बाळगोळी म्हणत तिला. १९२० नंतरच्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत त्याची नोंद आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मिसेस विन्स्लो यांच्या नावाचे एक 'शांतवणारे सरबत' घरोघर खपत असे. त्यात मॉर्फिन होते. शिकल्यासवरल्या लोकांनी या गोष्टींवर पुष्कळ हळहळ व्यक्त केली आहे. पण त्या गिरणीतल्या बाईचा विचार करा. तिला दहा-दहा तास साच्यापुढे उभे राहायचे होते, पोर सांभाळायला घरी कोणी नव्हते, खाडा झाला तर चूल पेटणार नव्हती. तिने गोळी दिली ती पोटासाठी. आम्ही सहा माणसे फटाके-फराळ सोडून मजा करायला निघालो होतो, चार मोठी माणसे दोन मुलांमागे होती, आणि तरीही आम्ही बाटली काढली. कशासाठी? तर शेजारच्या प्रवाशाने कपाळाला आठ्या घालू नयेत म्हणून!

या शेजारच्या प्रवाशाचे प्रस्थ फार माजले आहे. पाश्चात्य देशांत काही आईबाप म्हणे विमानात शिरल्यावर आसपासच्या लोकांना लहान लहान पुड्या वाटतात. आत चॉकलेटे, कानात घालायचे बोळे आणि 'आमचे बाळ रडले तर क्षमा असावी' अशी चिठ्ठी. आता आपल्याकडचीही मंडळी त्याचे अनुकरण करू लागली आहेत. मला यात सौजन्य दिसत नाही, मला यात भीती दिसते. मूल रडते याची क्षमा कसली मागायची? मी सांगली-कोल्हापूर यष्टीत उभ्याने इतके हिंडलो आहे, तिथे मूल रडले की मागच्या बाकावरून कोणी तरी हात पुढे करते, "द्या हिकडं जरा." कोणी बांगड्या वाजवते, कोणी केळे पुढे करते. पोर रडायचे थांबते असे नाही, पण आई एकटी पडत नाही. विमानातल्या माणसालाही झोपेची गरज असते, दुसऱ्या दिवशी त्याचे काम असते, हे मी नाकारत नाही. त्याने कानात बोळे घालावेत. ते त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावेत.

आणि मूल विमानात रडते तेव्हा त्याला बहुधा काही तरी सांगायचे असते. कान आणि घसा यांना जोडणारी नळी लहान मुलात आखूड आणि आडवी असते. दाब बदलला की ती लवकर मोकळी होत नाही, कान दुखतो. चढताना दुखतो, त्याहून उतरताना जास्त दुखतो. यावर उपाय फार जुना आणि फुकटचा आहे: त्या वेळी मुलाला गिळायला लावायचे. तान्हे असेल तर अंगावर पाजावे, मोठे असेल तर पेल्याने घोट घोट पाणी. विमान जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीपासूनच ते खाली येऊ लागते, तेव्हा मूल गाढ झोपेत असेल तर हळूच उठवावे. औषधाने झोपवलेले मूल गिळतही नाही आणि दुखते हे सांगतही नाही. आपल्याला वाटते, काय शहाणे पोर!

तेव्हा बॅगेत काय भरावे? मी टीका करून मोकळा होणार नाही, माझी यादीही सांगतो. पण तीत नव्वद डायपर नाहीत. डायपर प्रवासाच्या दिवसाचे आणि वर एक दिवसाचे घ्यावेत. सिंगापुरात मुले जन्मतात आणि त्यांनाही ते लागतात. लिटल इंडियात तांदूळ, मूगडाळ, तूप, हिंग सगळे मिळते, आमच्या सौ.ने तिसऱ्या दिवशी तिथूनच जिन्नस आणून खोलीतल्या छोट्या भांड्यात खिमट शिजवले, आणि हॉटेलच्या माणसाला वास आवडला. बाटल्या उकळायचे यंत्र आम्ही वाहून नेले आणि तसेच वाहून परत आणले.

हाताच्या पिशवीत, म्हणजे जी पिशवी तुमच्यापासून दूर होणार नाही तिच्यात, पहिल्यांदा कागद. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, स्वतःचा व्हिसा लागतो. आईच्या पासपोर्टवर मुलाचे नाव चढवण्याचे दिवस गेले. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. लसींचे कार्ड बरोबर असावे. आमची नात आठ महिन्यांची, म्हणजे आपल्याकडची गोवराची नऊ महिन्यांची लस तिला अजून व्हायची होती. परदेशी जाणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक डोस आधी द्यावा असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते. हे आम्हाला त्या विमानातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितले. मी विचारले नव्हते.

मग तापाचे औषध, आणि इथे जरा माझ्या धंद्यातले सांगू द्या. पॅरासिटामॉलच्या बाटल्या सगळ्या सारख्या नसतात. आपल्याकडे पाच मिलिलिटरात १२०, १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असते. अमेरिकेत तेच औषध अ‍ॅसिटअमिनोफेन या नावाने मिळते आणि मुलांच्या बाटलीत पाच मिलिलिटराला १६० मिलिग्रॅम असते. आपल्या घरची 'एक टोपण' ही सवय परदेशी बाटलीवर चालवली तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते. म्हणून मुलाला मानवलेली इथलीच बाटली न्यावी, तिचे मापही तिच्याबरोबर न्यावे, आणि किती वजनाला किती हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, औषधाच्या मूळ नावासकट. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरांपेक्षा जास्त द्रव नको, हा २००६ नंतर आलेला नियम बाळाचे दूध, पेज आणि लागणारी औषधे यांना बेताच्या प्रमाणात माफ असतो. तपासणीच्या वेळी ती वेगळी काढून दाखवावी, म्हणजे कटकट होत नाही.

आणि जलसंजीवनीच्या पुड्या. मुलाला परक्या गावी हगवण लागली तर पहिल्या तासात याच्याइतके उपयोगाचे काही नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली तेव्हा बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन संपले, आणि डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे मोजून केलेले पाणी पिंपांतून लोकांना पाजायला दिले. हजारो जीव वाचले. ती ही पुडी. मात्र पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे, आणि रंगीत खोक्यातली गोड पेये जलसंजीवनी समजून नेऊ नयेत. अशा पेयांवर ते नाव छापण्याला २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी करावी लागली, इतका तो घोटाळा वाढला होता.

बाळाचे जादा कपडे सगळेच घेतात. आईचा एक जादा जोड कोणी घेत नाही. ओकारी होते ती आईच्या अंगावर होते, आणि पुढचे चार तास त्या वासात तिने बसायचे! सूनबाईसाठी एक पंजाबी ड्रेस परतीच्या वेळी मी स्वतः पिशवीत ठेवला. सासऱ्याने सुनेचे कपडे भरणे आमच्या पिढीत शोभत नाही, पण भरले.

गोधडीबद्दल मी सौ.शी हरलो, तेही नमूद करतो. "तिथं पांघरुणं मिळतात," असे मी म्हणालो होतो. मिळतात; पण त्यांना घरचा वास नसतो. पहिल्या दिवशीची ती जड झोप उतरल्यावर पोर घाबरून उठले तेव्हा परकी खोली, परके छत. त्याने गोधडीचे टोक तोंडात धरले आणि तेव्हा कुठे आईला ओळखले.

आणखी एक गोष्ट बॅगेत मावत नाही, पण ती आधी भरावी लागते: रिकामा वेळ. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. घरी रात्री नऊला झोपणारे मूल तिथे साडेअकराला झोपते. सहलवाल्यांची बस सकाळी आठला दाराशी उभी. म्हणजे मुलाच्या पोटातल्या घड्याळात साडेपाच. त्यात पाच दिवसांत नऊ ठिकाणे, आणि त्यातल्या निम्म्या पाळण्यांवर उंची मोजण्याची पट्टी लावलेली, जिच्या खाली आमचा नातू चार बोटे नव्हे, चांगला हातभर राहतो. अशा मुलाला भल्या पहाटे उठवायचे, उन्हात रांगेत उभे करायचे, आणि ते किंचाळले की 'फार हट्टी झालाय' म्हणायचे. आम्ही पहिला दिवस नाइलाजाने खोलीत काढला. नंतरचे दोन मुद्दाम काढले. तिथे दिवाळीची सरकारी सुट्टी असते. सेरंगून रस्त्यावरची रोषणाई पाहायला रात्री नवाला गेलो, मुलाच्या घड्याळात तेव्हा साडेसहा. पोर खांद्यावर बसून टाळ्या पिटत होते. एवढी एक गोष्ट त्याने त्या सहलीत पाहिली असे मी मानतो.

परतीच्या विमानात कोणी कोणाला काही पाजले नाही. बाटली मी हॉटेलच्या मोरीत ओतली होती. पोर रडले, मी घड्याळ लावले होते, चाळीस मिनिटे रडले. पलीकडच्या एका गृहस्थांनी दोनदा मान वळवून पाहिले. तिसऱ्यांदा वळवली तेव्हा सौ.ने मुलाला त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाली, "बघा हो, तुमच्याकडं येतो का." ते गोंधळले. मग त्यांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. चष्म्याची एक दांडी वाकली, पण रडे थांबले. नुकसानीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ही हकीकत आमच्या गल्लीत झाली आहे, त्यामुळे सहलीला निघालेली माणसे आता यादी दाखवायला माझ्याकडे येतात. परवा वरच्या मजल्यावरचे जोडपे आले. दुबईला निघाले आहेत, दोन मुले, धाकटे दीड वर्षाचे. यादी माझ्या ओळखीची होती. मी एकच ओळ खोडली आणि तिच्या जागी 'आईचा एक जोड' असे लिहिले. सौ.ने आतून विचारले, अनारसे नेताय का? ती बाई म्हणाली, हो, खसखशीऐवजी रव्यावर थापून नेते. सौ. बाहेर आली आणि तिने स्पष्ट सांगितले, की रव्यावर थापतात त्याला अनारसा म्हणत नाहीत. यावर त्या दोघींचे अजून एकमत झालेले नाही.